वेब सर्व्हर स्क्रिप्टसाठी एसएसएच किल्ल्या

वेब सर्व्हरवरची स्क्रिप्ट एसएफटीपी किंवा आरसिंकने (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइल नेणारी साधने) दुसऱ्या यंत्रावर फाइल पाठवते तेव्हा पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरतात. खासगी किल्ली सर्व्हरवर राहते. सार्वजनिक किल्ली पलीकडच्या खात्याच्या 'ऑथोराइज्ड कीज' फाइलमध्ये एका ओळीत बसते.

टर्मिनलवर सुरळीत चाललेली आज्ञा ब्राउझरमधून अडते, कारण खाते बदललेले असते. डेबियन या लिनक्सवर अपाचे हा वेब सर्व्हर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या खात्याने चालतो, रेड हॅट लिनक्सवर 'अपाचे' या खात्याने, आणि एसएसएच किल्ली शोधते ती त्याच खात्याच्या होम फोल्डरमध्ये. डेबियनवर हे होम वेबच्या फाइलींच्या अगदी शेजारी, कधी त्यांच्यातच असते. तिथे किल्ली ठेवली तर ती ब्राउझरमधून कोणालाही उतरवता येण्याचा धोका राहतो. किल्ली वेबच्या फोल्डरांबाहेर ठेवावी आणि तिचा पूर्ण पत्ता आज्ञेत द्यावा. फोल्डरला ७००, फाइलला ६०० परवानगी (म्हणजे फक्त मालकाला प्रवेश), मालकी सर्व्हरच्या खात्याची. परवानगी सैल असली की एसएसएच किल्ली बाजूला टाकते, पासवर्डकडे वळते, आणि तो टाइप करायला समोर कोणी नसते. एसएसएचचा 'बॅचमोड' हा पर्याय चालू ठेवला तर स्क्रिप्ट ताटकळत न बसता लगेच चूक सांगते. पीएचपीतून आज्ञा चालवली तर त्रुटीचा संदेश स्टँडर्ड एरर या वेगळ्या वाटेने जातो. तो आउटपुटला जोडला नाही तर हाती कोरी ओळ येते.

दुसरी ठेच यजमान-ओळखीची, म्हणजे पलीकडचे यंत्र खरे आहे का या तपासणीची. पहिल्या जोडणीत विचारलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणणारा कोणी नसतो. ही तपासणी बंद करू नये, नाहीतर मधल्या तोतया यंत्राकडेही फाइल निमूट जाईल. पलीकडच्या यंत्राच्या यजमान-किल्लीचा ठसा तिथल्या व्यवस्थापकाकडून पडताळून ती किल्ली 'नोन होस्ट्स' फाइलमध्ये आधीच लिहावी. मग सुडोने (दुसऱ्या खात्याच्या नावाने आज्ञा चालवणारे साधन) सर्व्हरच्याच खात्यातून आज्ञा चालवून पाहावी. तरीही फक्त ब्राउझरमधूनच अडत असेल, तर रेड हॅटवर एसईलिनक्स ही जादा सुरक्षा-यंत्रणा तपासावी.

टाइप करायला कोणी नसल्याने या किल्लीला सांकेतिक वाक्य (किल्ली उघडणारा पासवर्ड) ठेवता येत नाही, त्यामुळे वेब ॲपमध्ये शिरलेल्याच्या हाती ती आयती पडते. खरा लगाम पलीकडे घालावा लागतो: सार्वजनिक किल्लीच्या ओळीआधी 'फ्रॉम'ने आयपी पत्ता बांधावा आणि 'रिस्ट्रिक्ट' लिहावे (ओपनएसएसएच ७.२, २०१६ पासून). 'रिस्ट्रिक्ट' पोर्ट फॉरवर्डिंग आणि टर्मिनल बंद करते, आज्ञा चालवणे मात्र नाही. ते रोखण्यासाठी त्याच ओळीत 'कमांड'मध्ये 'इंटर्नल-एसएफटीपी' द्यावे, म्हणजे फक्त एसएफटीपी चालते. मग आरसिंक चालत नाही. त्याला 'आरआरसिंक' ही आरसिंकपुरती मुभा देणारी स्क्रिप्ट लागते. त्याहून बरी रचना अशी: स्क्रिप्टने फाइल फक्त रांगेच्या फोल्डरमध्ये टाकावी, आणि किल्ली बाळगणाऱ्या वेगळ्या खात्याच्या क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) ती फाइल पुढे न्यावी.