नाव संत्र्याचे, काम खुंटाचे

लिंबूवर्गातल्या एका काटेरी झाडाला इंग्रजीत ट्रायफोलिएट ऑरेंज म्हणतात, रोपे विकणारे हार्डी ऑरेंज म्हणतात. त्यामुळे हे काटक, खाण्याजोगे संत्रे असावे असे वाटते. प्रत्यक्षात फळ लिंबाएवढे, सालीवर बारीक लव, आत बियाच बिया आणि रस आंबट, कडू, राळेसारखा चिकट. झाड मात्र उणे वीस अंशांच्या आसपासची थंडी सोसते. लिंबूवर्गातली बहुतेक झाडे बारमाही हिरवी असतात. हे हिवाळ्याआधी आपली तीन-तीन पर्णिकांची पाने गाळून टाकते. मागे उरतात हिरव्या फांद्या आणि बोटभर काटे.

मूळ चीनचे. तिथे त्याचे नाव ‘झी’, आणि त्याची बदनामी अडीच हजार वर्षे जुनी आहे. छी राज्याचा मंत्री यान यिंग छू या दुसऱ्या राज्याच्या दरबारी गेला, तेव्हा त्याला खिजवायला छीचाच एक चोर समोर उभा करण्यात आला. तुमचे लोक चोरच असतात का, असे छूच्या राजाने विचारले. यान यिंग म्हणाला, ह्वाय नदीच्या दक्षिणेला झाड लावले की ते गोड संत्रे होते, उत्तरेला लावले की झी; पाने सारखी दिसतात, चव वेगळी, कारण पाणी आणि माती वेगळी. आमची माणसे घरी चोरी करत नाहीत, तुमच्याकडे आल्यावर करतात! उत्तर बिनतोड होते, वनस्पतिशास्त्र चुकीचे. या दोन वेगळ्या जाती आहेत, नदी ओलांडून एकीची दुसरी होत नाही.

जपानमध्ये हे झाड ‘कराताची’ झाले, म्हणजे चीनहून आलेले ताचिबाना (जपानचे एक देशी संत्रे). कोरियात ‘तेंगजा’. तिथल्या कांगह्वा बेटावर शत्रूला अडवायला तटाच्या पायथ्याशी याचीच काटेरी कुंपणे लावली होती; त्यांतली काही जुनी झाडे आज संरक्षित आहेत. एंगेलबर्ट कॅम्फर या जर्मन वैद्याने जपानहून आणलेले वर्णन 1712 मध्ये छापले, 1763 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने त्याला सिट्रस (लिंबूवर्ग) प्रजातीत घालून सिट्रस ट्रायफोलिएटा म्हटले, 1838 मध्ये राफिनेस्क या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाँसिरस ही वेगळी प्रजाती केली. आता जनुकीय अभ्यासानंतर अनेकजण त्याला पुन्हा सिट्रसमध्ये घेतात.

खरा कलाटणीचा हिवाळा फ्लोरिडातला, 1894-95 चा. डिसेंबरच्या अखेरच्या गारठ्यात फळे आणि पाने गेली, पण झाडे वाचली. जानेवारी उबदार निघाला, रस चढला, नवी पालवी फुटली आणि नेमक्या त्या कोवळ्या अवस्थेत फेब्रुवारीत दुसरी लाट आली. साली फाटून बागाच्या बागा जमिनीपर्यंत मेल्या. त्यानंतर अमेरिकी कृषी खात्याचे वॉल्टर स्विंगल आणि हर्बर्ट वेबर यांनी गोड संत्र्याचा या झाडाशी संकर सुरू केला. थंडी सोसणारे गोड फळ हवे होते. संकर जमला, त्याला ‘सिट्रेंज’ हे नावही मिळाले, पण बापाचा कडवटपणा काही सुटला नाही.

फळासाठी केलेला हा खटाटोप पुढे मुळांसाठी, म्हणजे खुंटासाठी कामी आला; ज्या मुळाच्या झाडावर दुसऱ्या झाडाचा डोळा बांधतात, तो खुंट. 1930 च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत ट्रिस्टेझा हा मावा किडीमार्फत पसरणारा विषाणूजन्य रोग आला आणि आंबट संत्र्याच्या खुंटावरची लाखो झाडे वाळली. ट्रॉयर आणि कॅरिझो या सिट्रेंजच्या वाणांच्या खुंटांवरची झाडे तग धरत, म्हणून कॅलिफोर्नियात 1950 नंतर त्यांचा प्रसार झाला. जपानी शेतकरी तर आपले मिकान (तिथले सुटसालीचे संत्रे) कराताचीच्या खुंटावर आधीपासूनच बांधत होते. त्यामुळे मला हार्डी ऑरेंजपेक्षा एखादे खुंटाची आठवण देणारे नाव बरे वाटले असते.

विदर्भातल्या बागायतदाराला हे ऐकून वाटेल, मग आपल्याकडे हा खुंट का नाही? डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक वाहण्याचा रोग, आणणाऱ्या फायटोफ्थोरा बुरशीला तर तो सहजी बळी पडत नाही. अडचण जमिनीची आहे. चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत या झाडाच्या मुळांना लोह नीट घेता येत नाही, पाने पिवळी पडतात आणि झाड खुरटते. आपल्या काळ्या जमिनींत चुनखडीचे प्रमाण बऱ्याच ठिकाणी जास्त आहे. म्हणून नागपुरी संत्र्याचा डोळा आजही मुख्यतः जंबेरी या खडबडीत सालीच्या लिंबावर किंवा रंगपूर लिंबावर बांधला जातो.