पॉवरलिफ्टर की बॉडीबिल्डर? जिम एकच, करिअर दोन

जड बार उचलणारी बाई जिममध्ये दिसली की लोक तिला सरसकट ‘बॉडीबिल्डर’ म्हणून मोकळे होतात. ती पॉवरलिफ्टर असू शकते, आणि तसं असेल तर तिचा सराव, आहार, स्पर्धेचा दिवस आणि जिंकण्या-हरण्याचं कारण हे सगळंच वेगळं असतं.

पॉवरलिफ्टिंगमध्ये लिफ्ट तीनच: स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं). प्रत्येकीचे तीन प्रयत्न, आणि तिन्हींतल्या सर्वांत जड यशस्वी वजनांची बेरीज म्हणजे ‘टोटल’. बार पुरुषांचाच, 20 किलोचा. तीन पंचांपैकी दोघांनी पांढरा दिवा लावला की लिफ्ट मान्य. स्क्वॉटला बसताना मांडीचा खुब्याजवळचा भाग गुडघ्याच्या खाली गेला का, बेंचवर बार छातीशी स्थिर करून ‘प्रेस’ हा हुकूम येईपर्यंत ती थांबली का, अशा गोष्टी ते पाहतात. ती दिसते कशी, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. दोघींची टोटल सारखी झाली तर जिचं वजन कमी ती वर.

बॉडीबिल्डिंगच्या मंचावर मात्र वजन उचलायचंच नसतं. स्नायूंचा आकार, रेखीवपणा, वरच्या आणि खालच्या अंगाचा तोल आणि पोझिंग यांवर परीक्षक क्रम लावतात. डंबेल, बार हे तिचं साधन. निकाल तिच्या शरीराचा लागतो.

सगळ्यात मोठा फरक स्पर्धेच्या दिवशी दिसतो. पॉवरलिफ्टर त्या दिवशी वर्षभरातली सर्वांत ताकदवान असावी लागते. शेवटच्या दिवसांत ती सराव कमी करते, झोप आणि जेवण सांभाळते. बॉडीबिल्डर त्याच दिवशी बहुधा सर्वांत अशक्त असते. कित्येक आठवडे कटिंग करून, म्हणजे चरबी उतरवण्यासाठी कमी खाऊन, तिने चरबी इतकी उतरवलेली असते की काही जणींची पाळी थांबते, झोप उडते, नेहमीचं वजनही जड वाटू लागतं. प्रेक्षकांना जी परिपूर्ण ताकद वाटते, ती पुष्कळदा उपाशी शरीराची असते. म्हणून स्पर्धेनंतर नीट खाऊन पूर्ववत होणं हाही या करिअरचा भाग मानायला हवा. मला तर तो सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो.

दोन्ही वाटा चाललेली ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस इथे आठवलीच पाहिजे. 1980 ते 1985 या काळात तिने पॉवरलिफ्टिंगची सहा जागतिक विजेतेपदं मिळवली. 300 पौंडांहून, म्हणजे सुमारे 136 किलोंहून जास्त बेंच प्रेस करणारी पहिली महिला म्हणून तिची नोंद आहे. ताकदीबद्दल वाद घालायला जागाच नव्हती. तीच बेव्ह 1983 मध्ये लास वेगासमध्ये बॉडीबिल्डिंगच्या मंचावर उभी राहिली आणि आठवी आली. तिचे स्नायू सर्वांत मोठे होते. पण बाईच्या अंगावर स्नायू किती असावेत, हेच परीक्षकांचं ठरलेलं नव्हतं. पुढे ती जिद्दीने त्या खेळात टिकली आणि 1990 व 1991 च्या मिस ऑलिंपियात, म्हणजे महिला बॉडीबिल्डिंगच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत, दुसरी आली, दोन्ही वेळा अमेरिकेच्या लेंडा मरेच्या मागे.

हा अन्याय फक्त एका बेव्हचा नव्हता. 2005 च्या स्पर्धांसाठी आयएफबीबी या बॉडीबिल्डिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने महिला खेळाडूंना स्नायू 20 टक्क्यांनी कमी करा अशी सूचना केली. वर्षानुवर्षं कमावलेलं शरीर एका पत्राने ‘जास्त’ ठरलं. 1980 पासून चालत आलेली मिस ऑलिंपिया 2014 नंतर बंद पडली आणि 2020 मध्येच परतली. दरम्यान फिजिक, फिगर, बिकिनी अशा वेगवेगळ्या अपेक्षांच्या श्रेणी वाढल्या. त्यामुळे आज बॉडीबिल्डर म्हणून उतरणाऱ्या मुलीला आधी स्वतःची श्रेणी निवडावी लागते, कारण बिकिनीत जे स्नायू जड ठरतात ते फिजिकमध्ये कमी पडतात. पॉवरलिफ्टरला फक्त वजनगट निवडायचा असतो. 150 किलोची डेडलिफ्ट कोणत्याही वर्षी 150 किलोचीच राहते.

उत्तेजकांचा प्रश्न दोन्हीकडे आहे. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ, म्हणजे आयपीएफ, वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमांनुसार चाचण्या घेतो. अशा चाचण्या न घेणाऱ्या संघटनाही आहेत. म्हणून कोणत्या संघटनेत खेळायचं हे सुरुवातीलाच ठरवावं. स्टिरॉइडमुळे बाईचा आवाज घोगरा झाला तर औषध सोडूनही तो पूर्ववत होत नाही.

बक्षिसाच्या रकमेवर दोन्हींत फार थोड्या जणींचं घर चालतं. बाकीच्या प्रशिक्षक होतात, जिम चालवतात किंवा नोकरी सांभाळून खेळतात. वयाच्या बाबतीत मात्र पॉवरलिफ्टिंग फार उदार आहे. आयपीएफमध्ये मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्या खेळाडूंचे, गट चाळिशीपासून सुरू होतात आणि सत्तरीच्या पुढच्या बायकांचाही स्वतंत्र गट असतो. तिथेही तेच तीन पंच, तेच दिवे आणि तोच 20 किलोचा बार.