स्थूलता-शस्त्रक्रियेनंतरची मनोविकार-औषधयोजना

स्थूलता कमी करण्यासाठी जठरावर किंवा आतड्यांवर शस्त्रक्रिया झाल्यावर अवसाद (नैराश्य) व चिंताविकार यांवरील चालू औषधांचा प्रकार, मात्रा आणि वेळ यांची फेरजुळणी करण्याची वैद्यकीय पद्धती. पचनमार्गाची रचना बदलली की तोंडावाटे घेतलेले औषध कोठे विरघळते, कोठे शोषले जाते आणि रक्तात किती पोहोचते, हेही बदलते. त्यातच पुढील वर्षभर रुग्णाचे वजन झपाट्याने उतरत असते. शस्त्रक्रियेस येणाऱ्यांत अवसादाचे प्रमाण बरेच आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ते सु. १९ टक्के आढळले.

हा प्रश्न निर्माण करणाऱ्या शस्त्रक्रियांचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा येथे आर्नल्ड क्रेमेन व जॉन लिनर यांनी १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला मध्यांत्र-शेषांत्र उपमार्ग (बायपास; लघ्वांत्राचा काही भाग वगळून अन्नाचा मार्ग वळवणे) सामान्यतः पहिला मानतात. त्यापूर्वी, सु. १९५२ मध्ये, स्वीडनमधील व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी लघ्वांत्राचा मोठा भाग काढून टाकला होता, म्हणून अग्रमान त्यांना द्यावा असे काहींचे म्हणणे आहे. परंतु त्यांनी आतडे कापले, अन्नाचा मार्ग वळवला नाही. त्यामुळे उपमार्गाचा इतिहास क्रेमेन-लिनर यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. जठर उपमार्ग एडवर्ड मेसन व चिकाशी इतो यांनी आयोवा विद्यापीठात १९६६ मध्ये केला व त्याचा वृत्तांत १९६७ मध्ये छापला. संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात ती यामुळे. आज ‘रू-वाय’ म्हणून ओळखली जाणारी जोडणी त्यात वॉर्ड ग्रिफेन यांनी १९७७ मध्ये आणली. हे नाव लोझान येथील शल्यविशारद सेझार रू यांच्यावरून पडले, तरी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची आतड्याची जोडणी अँटोन वोल्फ्लर यांनी १८८३ मध्येच वर्णिली होती. रू यांच्याकडे श्रेय जाते ते तिचा प्रसार केल्याचे.

रू-वाय उपमार्गात जठराची सु. ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी उरते आणि अन्न ग्रहणी (लघ्वांत्राचा पहिला भाग) व त्यापुढील मध्यांत्राचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे जाते. पिशवीत आम्ल फारसे स्रवत नाही, म्हणून आम्लात विरघळणारी औषधे नीट विरघळत नाहीत. पित्त उशिरा मिसळत असल्याने मेदप्रेमी (मेदात विरघळणाऱ्या) औषधांचे शोषण मंदावू शकते आणि शोषणाचा पृष्ठभागही आक्रसतो. हे सारे औषध कमी पडण्याच्या बाजूचे. परंतु टाळलेल्या त्याच भागात औषधांचे विघटन करणारी एंझाइमे, विशेषतः सीवायपी ३ए४, मुबलक असतात. ती चुकली तर औषध अधिकही पोहोचू शकते. पिशवी लवकर रिकामी होत असल्याने रक्तातील शिखरपातळी लवकर येते, ही गोष्ट मिडाझोलाम या शामक औषधाच्या बाबतीत दिसून आली आहे. नुसत्या रचनेवरून औषध कमी पडेल की जास्त होईल हे सांगता येत नाही ते या परस्परविरोधी परिणामांमुळे.

प्रारंभीच्या वाङ्मयात ‘औषध कमी पडते’ हेच मत प्रबळ होते. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगशालेय अभ्यासात मनोविकारांवरील २२ औषधे शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या जठरासारख्या द्रावांत विरघळवून पाहिली. दहा औषधे नंतरच्या द्रावात कमी विरघळली, तर लिथियम व अवसादावरील ब्युप्रोपिऑन ही दोन अधिक. हे आकडे पुढे वारंवार उद्धृत झाले. परंतु काचपात्रात पित्त नसते, आतडे नसते, यकृतही नसते. मानवी अभ्यासांतून चित्र अधिक गुंतागुंतीचे निघाले. २०१२ मध्ये उपमार्ग झालेल्या पाच व न झालेल्या पाच व्यक्तींची तुलना केली असता सर्ट्रालीन या अवसादावरील औषधाचा रक्तातील एकूण अंश पहिल्या गटात दुसऱ्या गटाच्या सु. ४० टक्केच भरला. ड्युलॉक्सेटीन या दुसऱ्या अवसादावरील औषधाच्या तशाच तुलनेत तो जवळजवळ निम्मा होता. अवसादावरील औषधे घेणाऱ्या १२ रुग्णांचा शस्त्रक्रियेआधी व नंतर पाठपुरावा करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात पहिल्या महिन्यात आठ जणांतील औषधाचा अंश मूळ पातळीच्या सरासरी ५४ टक्क्यांवर उतरला. सहाव्या महिन्यापर्यंत त्यांतील सहा जणांचा अंश मूळ पातळीवर वा तिच्याही वर गेला होता. याउलट दीर्घमोचक (एक्सआर; औषध हळूहळू सोडणाऱ्या) व्हेन्लाफॅक्सीनवरील २०१७ च्या अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही, आणि दीर्घमोचक गोळ्या सरसकट टाळाव्यात या प्रचलित सल्ल्याला त्यामुळे छेद जातो.

या पुराव्यावरून काही तज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतर लगेच मात्रा वाढवण्याच्या बाजूचे आहेत, तर इतर आधी लक्षणे पाहून मग निर्णय घ्यावा म्हणतात. अभ्यासांतील व्यक्ती मोजक्या आहेत आणि घट बहुधा तात्पुरती असते; हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र ‘पाहू’ म्हणून तीन महिने थांबणे यात अभिप्रेत नाही. पहिल्या सहा आठवड्यांत निद्रानाश, अस्वस्थता किंवा पूर्वीचे नैराश्य डोके वर काढू लागले, तर मनोविकारतज्ज्ञाची भेट पुढे ढकलू नये. या टप्प्यावर चक्कर आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव झाली, तर तो आजार उलटल्याचे धरण्याआधी औषध अचानक तुटल्याचा परिणाम मानून पाहावे. पॅरॉक्सेटीन व व्हेन्लाफॅक्सीन यांत हा त्रास अधिक होतो. दीर्घकाळ रक्तात टिकणाऱ्या फ्लुऑक्सेटीनमध्ये कमी.

गोळी कशी द्यावी हा व्यवहारातला नित्याचा प्रश्न. सुरुवातीच्या आठवड्यांत द्रवरूप, चटकन विरघळणारे किंवा चुरून घेता येणारे साधे औषध पसंत करतात. दीर्घमोचक व आंत्रवेष्टित (जठरात न विरघळणारे आवरण असलेल्या) गोळ्या चुरू नयेत. चुरल्यास संपूर्ण मात्रा एकदम सुटते किंवा औषध आम्लात नष्ट होते. ‘गोळी चुरून घ्या’ हा सल्ला रुग्णाच्या हाती एका ओळीचा पडतो आणि तो नेमक्या कोणत्या गोळीला लागू आहे हे त्यात बहुधा नसते.

लिथियमचे वर्तन इतर औषधांहून निराळे. मुख्यतः द्विध्रुवी विकारात (उन्माद व अवसाद आळीपाळीने येणारा विकार) आणि क्वचित अवसादात पूरक म्हणून ते देतात. उपचारपातळी (सामान्यतः ०.६ ते १.२ मिलिमोल प्रतिलिटर) व विषबाधा यांत अंतर फार थोडे आहे. शस्त्रक्रियेनंतर पाणी व मीठ पोटात कमी जाते, उलट्या होतात आणि मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. त्यामुळे विषबाधेच्या घटना नोंदल्या गेल्या असून सुरुवातीला दर आठवड्याला रक्तातील पातळी तपासणे इष्ट मानतात.

शस्त्रक्रियेला काही महिने उलटल्यावर औषध बरोबर असूनही मन खालावत असेल, तर कारण पोषणात असू शकते. ब१२, फॉलेट, लोह व ड जीवनसत्त्व यांच्या कमतरतेत थकवा, उदासी व विस्मरण होते. वारंवार उलट्यांनंतर ब१ जीवनसत्त्व घटल्यास गोंधळ, तोल जाणे व डोळ्यांच्या हालचालींतील बिघाड असे तातडीचे चित्र दिसते. ते चिंताविकाराचे समजून वेळ दवडू नये. सिरोटोनिन वाढवणारी औषधे रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढवतात, आणि उपमार्गाच्या जोडावर व्रण होऊ शकत असल्याने त्यांच्या जोडीला आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळतात. अमिट्रिप्टिलीन, मिर्टाझापीन, ओलांझापीन यांनी वजन वाढते म्हणून पर्याय शोधतात, तरी ज्या औषधाने रुग्ण सावरला ते केवळ वजनापायी काढणे धोक्याचे.

मद्याचा अंमल उपमार्गानंतर लवकर व तीव्र चढतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मद्यविकाराचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या आधीच्या वर्षी ७.६ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी ते ९.६ टक्के झाले. क्लोनाझेपामसारखी शामक औषधे घेणाऱ्यांना मद्याविषयीची ही सूचना स्वतंत्रपणे द्यावी लागते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या नोंदींत (२०१६) ८,८१५ रुग्णांमध्ये स्वतःला इजा करून घेतल्याच्या आपत्कालीन घटना शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाल्या. म्हणून वजन उतरल्याच्या आनंदाच्या काळातही पाठपुरावा सोडत नाहीत आणि गोळ्यांचा मोठा साठा एकदम हाती देत नाहीत.

भारतात स्लीव्ह (जठराचा सु. तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग काढून नळीसारखा उरवणे) व एक-जोड उपमार्ग (आतड्याची एकच जोडणी असलेला जठर उपमार्ग) या शस्त्रक्रिया प्रचलित आहेत. वर उल्लेखिलेले औषधपातळीचे आकडे मात्र रू-वाय उपमार्गाचे आहेत. स्लीव्हमध्ये आतड्यांचा मार्ग शाबूत राहतो, म्हणून शोषणातील बदल सौम्य मानतात. शाकाहारी रुग्णांत ब१२ ची कमतरता शस्त्रक्रियेपूर्वीच असणे येथे सामान्य आहे. त्यामुळे ती तपासणी अवसादाच्या औषधाची मात्रा ठरवण्याआधीच करून घेणे सोयीचे पडते.