दूरच्या राखेवरून काळाची जुळणी

तळ्यातला गाळ, दलदलीतले पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि ग्रीनलँडचा बर्फ, तिघांतही जुन्या हवामानाच्या खुणा असतात. पण प्रत्येकाचे घड्याळ निराळे. कार्बन-14 ने वय काढले तरी दशकांची, कधी शतकांची अनिश्चितता उरते. त्यामुळे इथे थंडी पडली तेव्हाच तिथेही पडली का, हा प्रश्न अडून राहायचा. ज्वालामुखीची राख काही दिवसांत किंवा आठवड्यांत दूरवर जाऊन बसते. वय नक्की ठाऊक नसले, तरी जिथे ती सापडली ते थर एकाच वेळचे, एवढे पक्के. माझ्या मते तिची खरी किंमत इथेच आहे.

सुरुवात आइसलँडमध्ये झाली. तिथले भूवैज्ञानिक सिगुर्दुर थोरारिन्सन यांनी 1944 च्या प्रबंधात मातीतले राखेचे थर आणि उजाड पडलेल्या शेतवस्त्या यांचा मेळ घातला. राखेसाठीचा ‘टेफ्रा’ हा ग्रीक शब्दही त्यांनीच रूढ केला. ते थर नुसत्या डोळ्यांना दिसत. पुढे स्कँडिनेव्हियाच्या आणि 1989 मध्ये स्कॉटलंडच्या पीटमध्ये आइसलँडची राख मिळाली, ती मात्र केसाहून बारीक काचकणांच्या रूपात. पीट जाळायचे किंवा आम्लात विरघळवायचे, उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली वेचायचे, मग एकेका कणाचे रासायनिक विश्लेषण करायचे, असे हे चिकाटीचे काम. त्या रसायनाला उद्रेकाचा ‘ठसा’ म्हणतात खरे, पण एकाच ज्वालामुखीचे दोन उद्रेक कधीकधी जुळ्या भावंडांसारखे निघतात.

उगमाबाबतही फसगत होते. आयर्लंडच्या पीटमधली नवव्या शतकातली एक राख बरीच वर्षे बेवारस होती. 2014 मध्ये ती थेट अलास्कातली ठरली!

सुमारे 12,100 वर्षांपूर्वीची ‘वेड्डे’ राख सर्वांत कामाची ठरली. आइसलँडच्या काटला ज्वालामुखीची ही राख नॉर्वेतल्या तळ्यांत, ग्रीनलँडच्या बर्फात आणि जर्मनीच्या मेयरफेल्ड तळ्यातही आहे. हिमयुगाच्या अखेरच्या कडक थंडीत मधेच हवामानात एक बदल झाला. तो सगळीकडे एकदमच झाला असावा, असे धरले जाई. 2013 मध्ये जर्मनी आणि नॉर्वेतले थर या राखेवरून जुळवले, तेव्हा जर्मनीतला बदल सुमारे 120 वर्षे आधीचा निघाला. समुद्रावरचा बर्फ मागे हटत गेला तसे पश्चिमी वारे हळूहळू उत्तरेकडे सरकले, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला.