मिउरा पी४०० एस, १९६९: गाडी बघायला येण्यापूर्वी

आमच्या वर्कशॉपमध्ये १९६९ची एक लॅम्बोर्गिनी मिउरा पी४०० एस पूर्ण तयार होऊन विक्रीसाठी उभी आहे. गाडी इटलीतच आहे, मोडेनाजवळ. जिथे ती बनली ते सान्ताअगाता बोलोन्येझे गाव इथून फार लांब नाही. मुंबई, पुणे, दुबई, लंडन अशा ठिकाणच्या मराठी संग्राहकांचे फोन येत असतात आणि बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात, म्हणून हे पत्रक मराठीत काढलं आहे. यात गाडीचं कौतुक थोडं आणि तिच्या पोटातली माहिती जास्त आहे. एवढे पैसे मोजणाऱ्या माणसाला रंगाखाली काय दडलंय ते कळलंच पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

गाडीचं घराणं

नोव्हेंबर १९६५मध्ये ट्यूरिनच्या मोटर शोमध्ये लॅम्बोर्गिनीने बॉडी नसलेली नुसती चासी मांडली होती. बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे आणि तेही आडवं. जियानपाओलो दाल्लारा आणि पाओलो स्टान्झानी हे तिचे इंजिनिअर तेव्हा तिशीच्या आतले होते आणि आडव्या इंजिनाची कल्पना त्यांना चक्क छोट्या ब्रिटिश मिनीवरून सुचली होती. नुसता सांगाडा बघून लोक गाडी मागू लागले. पुढच्या मार्चमध्ये जिनिव्हाला बेर्तोनेच्या कारखान्यातली बॉडी चढवून गाडी आली. ती रेषा मार्चेल्लो गांदिनी यांची, वय तेव्हा २७. नाव ठेवलं ते स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या मिउरा घराण्यावरून.

१९७३पर्यंत साधारण साडेसातशेच्या वर गाड्या बनल्या. आधी पी४००, मग १९६८च्या अखेरीपासून पी४०० एस आणि शेवटी १९७१पासून पी४०० एसव्ही. एसव्ही जेमतेम दीडशे बनल्या, त्यामुळे बाजारात सर्वांत महाग त्याच जातात. तरीही आमची पसंती एसला आहे. एसव्हीच्या मागच्या चाकांसाठी बॉडी फुगवावी लागली आणि दिव्यांभोवतीच्या पापण्यांसारख्या काळ्या पट्ट्या गेल्या. एसमध्ये गांदिनींची मूळ रेषा तशीच आहे, आणि वर ताकद ३५०वरून ३७० अश्वशक्तीवर गेली, काचा विजेवर चालू लागल्या, काचांभोवती क्रोमची पट्टी आली.

आत काय निघालं आणि आम्ही काय केलं

मिउराची चासी पातळ पोलादी पत्र्याची, वजन कमी करण्यासाठी जागोजागी भोकं पाडलेली असते. या भोकांतून ओल आत जाते आणि बाहेर पडत नाही. आमच्या गाडीचा रंग बाहेरून ठाकठीक होता. डाव्या दाराखालच्या सिलचा, म्हणजे चासीच्या कडेच्या पोकळ पट्टीचा, खालचा पत्रा कापला, तेव्हा आतून तांबूस भुगा भसाभस खाली पडला आणि त्याच्यामागे कधीकाळी कुणीतरी आतून चिकटवलेली दुसरी पट्टी दिसली. उजवीकडेही तेच. दोन्ही सिल आम्ही मूळ जाडीच्याच पत्र्याने नव्याने केले, भोकं मूळ जागीच पाडली, आणि वेल्डिंगचे ठिपके जिथे कारखान्यात होते तिथेच दिले. पुढचा भाग आणि इंजिनभोवतीचा सांगाडा मूळचा आहे. त्याला हात लावायची गरज पडली नाही. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेनुसार फाईलमध्ये आहेत.

पुढचं आणि मागचं झाकण ॲल्युमिनियमचं आहे आणि ते अख्खंच्या अख्खं उघडतं. पुढच्या झाकणाच्या टोकाला जुनी ठोकर लागलेली होती आणि ती ठोकून सरळ करण्याऐवजी त्यावर बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरली होती. लांबी पूर्ण खरवडून काढली आणि पत्रा हाताने ठोकून आकारात आणला. आज तिथे चुंबकाचा उपयोग नाही, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही. त्यामुळे रंगाची जाडी मोजायचं यंत्र आम्ही तुमच्या हाती देऊ, हवं तिथे लावून बघा.

इंजिन ३९२९ सीसीचं, मुळात जोत्तो बिझारिनी यांनी आखलेलं. ते पूर्ण खोललं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं आणि टाइमिंग चेन नव्या आहेत. क्रँकशाफ्ट आणि ब्लॉक मूळचे. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर स्पष्ट वाचता येतो.

आता दोन गोष्टी ज्यांवर प्रत्येक मिउरावाल्याचं मत असतं.

पहिली, आग. मिउरावर वेबरचे तीन तोंडांचे चार कार्ब्युरेटर असतात. हा प्रकार शर्यतीसाठीचा. गाडी ट्रॅफिकमध्ये रखडली की पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर ठिबकू शकतं आणि अशाने कितीतरी मिउरा जळल्या आहेत. आम्ही कार्ब्युरेटरच्या सुया आणि फ्लोट नवे बसवले, ओसंडणारं पेट्रोल बाहेर नेणाऱ्या नळ्या दिल्या आणि इथेनॉलला टिकणारे पाइप घातले. शिवाय इंजिनाच्या कप्प्यात आपोआप सुटणारी आग विझवायची यंत्रणा आहे. ती मूळ गाडीत नव्हती. ती काढली तर एकही भोक मागे राहणार नाही अशी बसवली आहे.

दुसरी, ऑइल. इंजिन आणि गिअरबॉक्स या गाडीत एकाच ऑइलवर चालतात. गिअरचा बारीक चुरा इंजिनात जाण्याचा धोका असतो म्हणून शेवटच्या काही एसव्हींमध्ये कारखान्यानेच दोन्ही वेगळे केले. अनेक ठिकाणी एसवरही ते काम करून देतात. आम्ही केलं नाही आणि करणारही नाही, कारण एकदा ते केलं की गाडी कारखान्यातून निघाली तशी राहत नाही. त्याऐवजी ड्रेन प्लग चुंबकाचा आहे, ऑइल लवकर बदलतो आणि जुनं फिल्टर कापून आतली कागदाची घडी उलगडून बघतो. पहिल्या ऑइलमधल्या फिल्टरचे कापलेले तुकडे जपून ठेवले आहेत. तेही बघा.

चाकं कॅम्पान्योलोची, मॅग्नेशियमची. मॅग्नेशियम वयाने ठिसूळ होतं, म्हणून चारही चाकं भेगांसाठी तपासली. एक नापास झालं. त्या जागी नव्याने ओतलेलं चाक आहे आणि जुनं गाडीबरोबर देऊ. टायर पिरेलीचे सिंतुराटो, जुन्या नक्षीचेच, पण नवे.

जे बदललं नाही त्याचा आम्हाला जास्त अभिमान आहे. सीटचं काळं लेदर पहिलंच आहे. ड्रायव्हरच्या डाव्या मांडीपाशी ते झिजून मऊ पडलंय, टाके मात्र शाबूत आहेत. येगरचे मीटर, छतावरची बटणांची रांग, मागे इंजिनावरच्या काळ्या पट्ट्या, सगळं मूळचं. नवं लेदर चढवणं सोपं होतं. पण पन्नास वर्षांत जे मुरलं ते नव्याने आणता येत नाही.

चालवताना

ही गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. क्लच जड आहे, केबिन तापतं आणि डोक्यामागे एका काचेपलीकडे बारा सिलिंडर गर्जत असतात. ऑइल गरम होईपर्यंत इंजिनाला पळवू नका. पेट्रोलची टाकी पुढे आहे, त्यामुळे टाकी रिकामी होत आली की पुढचा भाग हलका होतो आणि जास्त वेगात स्टिअरिंग सैल वाटू लागतं. निम्म्याच्या खाली टाकी जाऊ देऊ नका, हा आमचा साधा नियम. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवा, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला आणि धातूला मानवत नाही.

भारतात न्यायची असेल तर

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, धंद्यासाठी न वापरली जाणारी चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं एवढ्याच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी या नियमात बसत नाही. ऑइलच्या बाबतीत आम्ही हट्ट धरला त्याला हेही एक कारण आहे. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे कायद्याने ठरवून दिलेली सिग्नलची व्यवस्था चालू स्थितीत लागते. या गाडीचे इंडिकेटर चालू आहेत. आयात आणि कस्टम ड्युटी हा स्वतंत्र विषय आहे. त्याबाबत करार करण्याआधी तुमच्या कस्टम्स एजंटकडून लेखी उत्तर घ्या, आमच्या किंवा कुणाच्याही तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

बघायला येताना

आधी कळवा, म्हणजे त्या दिवशी सकाळी गाडी सुरू न करता थंड ठेवू. पहिला धूर, पहिला आवाज, ऑइलचं प्रेशर हे सगळं तुमच्या समोर. मग गाडी लिफ्टवर घेऊ. चासी, इंजिन आणि बेर्तोनेच्या बॉडीचा क्रमांक तुम्ही स्वतः वाचून कागदांशी पडताळा. कारखान्याच्या पोलो स्तोरिको विभागाकडूनही जुन्या नोंदी मागवता येतात, तो अर्ज भरायला आम्ही मदत करतो. सोबत तुमच्या ओळखीचा मेकॅनिक आणा. आमच्याशी संबंध नसलेला असेल तर उत्तमच. जुने कपडे घालून या, खाली झोपून बघावं लागतं. बयाणा आम्ही त्या मेकॅनिकचा लेखी अहवाल तुमच्या हाती पडल्यावरच घेतो.