ॲक्शन लर्निंग

ॲक्शन लर्निंग : कामाच्या ठिकाणी अडलेला खरा प्रश्न पाच ते आठ जणांच्या गटात मांडून, एकमेकांना प्रश्न विचारत सोडवण्याची आणि त्यातून शिकण्याची पद्धत. ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ रेजिनाल्ड रेव्हन्स (१९०७–२००३) हे तिचे जनक.

रेव्हन्स मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत असताना तिथले मोठमोठे शास्त्रज्ञ आपले घोडे कुठे अडले आहे ते सहकाऱ्यांपुढे मोकळेपणाने सांगत. ही रीत रेव्हन्स यांनी पुढे ब्रिटनच्या कोळसा उद्योगात नेली. खाणीच्या व्यवस्थापकाला व्याख्यानापेक्षा दुसऱ्या खाणीच्या व्यवस्थापकाशी बोलून जास्त उमगते, असे त्यांचे मत होते. १९६० च्या दशकात लंडनच्या रुग्णालयांत, तर १९६८ पासून बेल्जियममध्ये त्यांनी मोठे प्रयोग केले. बेल्जियममधील अधिकारी मुद्दाम दुसऱ्याच कंपनीतला प्रश्न हाती घेत, कारण नवख्याला ‘हे असेच का करता?’ असे विचारायला संकोच वाटत नाही.

रेव्हन्स कोडे आणि समस्या यांत फरक करीत. कोड्याला एक बरोबर उत्तर असते आणि जाणकार ते देऊ शकतो. समस्येवर मात्र तितकेच अनुभवी लोक वेगवेगळे उपाय सुचवतात. ‘शिक्षण = पाठज्ञान + प्रश्न’ हे त्यांचे सूत्र; पाठज्ञान म्हणजे पुस्तकांतून वा व्याख्यानांतून मिळणारे तयार ज्ञान. त्यात प्रश्नांना मान पहिला.

प्रशिक्षकासह चालणाऱ्या बैठकीचे स्वरूप अमेरिकी प्राध्यापक मायकल मार्क्वार्ट यांनी रूढ केले. तिचा मुख्य नियम असा, की विधान करायचे ते कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणूनच. समजा, एका कारखान्याची विभागप्रमुख सांगते, ‘नवी मुले सहा महिन्यांत सोडून जातात.’ लगेच कुणीतरी म्हणतो, ‘पगार वाढवा.’ प्रशिक्षक थांबवतो : ‘हेच प्रश्न म्हणून विचाराल?’ मग वेगळे प्रश्न येऊ लागतात. सोडून गेलेल्यांशी शेवटचे कोण बोलले? पहिल्या आठवड्यात त्यांना काम कोण दाखवते? बाईंच्या लक्षात येते, की हे काम कुणावरच सोपवलेले नाही. पुढच्या बैठकीपर्यंत काय करणार, हे त्या स्वतःच ठरवतात आणि पुढच्या वेळी त्याचा हिशेब गटाला देतात. हा टप्पा गाळला तर उरते ती नुसती चर्चा.

प्रशिक्षक समस्येवर मत देत नाही. गट कसा विचार करतो आहे, एवढ्यावरच बोट ठेवतो. स्वतः रेव्हन्स यांना असा कायमचा मध्यस्थ फारसा रुचत नसे. गट लवकरात लवकर आपल्या पायावर उभा राहावा, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. तरीही सल्ला देण्याची सवय मुरलेल्या अधिकाऱ्यांच्या गटात सुरुवातीला प्रशिक्षकावाचून चालत नाही.

वरिष्ठ आणि त्याच्याच हाताखालचे कर्मचारी एका गटात बसले, तर अडचणीचे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. निर्णय आधीच झालेला असेल किंवा प्रश्न मांडणाऱ्याला उपाय अमलात आणण्याचा अधिकार नसेल, तर ही पद्धत वापरू नये.