मोझेलचे उतार आणि त्यांचे धनी

जर्मनीतल्या ट्रिअरला गेलेला पर्यटक बहुधा ठरलेल्या वाटेनेच फिरतो. सकाळी पोर्टा निग्रा हा काळवंडलेला रोमन दरवाजा, मग कॅथेड्रल, दुपारी कार्ल मार्क्सचं जन्मघर. दुसऱ्या दिवशी मोझेल नदीच्या खोऱ्यात, बेर्नकास्टेलच्या बाजूला, रिसलिंग या द्राक्षाची पांढरी वाइन चाखायला. माहितीपत्रकांत ही निरनिराळी आकर्षणं म्हणून छापलेली असतात. खरं तर ती एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. या खड्या उतारांवर कोणती वेल लावायची, सारा किती भरायचा, माल कुठे खपवायचा, हे तिथल्या बागाईतदाराने क्वचितच ठरवलं. कधी सम्राटाने ठरवलं, कधी आर्चबिशपने, कधी बर्लिनच्या जकात खात्याने.

शहराची सुरुवात सम्राट ऑगस्टसच्या काळातली. नदीवरच्या पहिल्या पुलाच्या लाकडांचा काळ इ.स.पू. 18-17 असा निघतो. पुढे दुसऱ्या शतकात दगडी खांब उभे राहिले आणि त्यांच्यावरून आजही मोटारी धावतात. चौथ्या शतकात ट्रिअर हे रोमन सम्राटांचं निवासस्थान होतं. कॉन्स्टंटाइनचा 67 मीटर लांबीचा दरबार त्याच काळातला. आता तिथे प्रोटेस्टंट चर्च भरतं. दरबार आला, सैन्य आलं, म्हणजे वाइनला गिऱ्हाईक आलं. मोझेलच्या द्राक्षशेतीचा पाया हाच. नॉयमागेनला 1878 मध्ये सापडलेलं, इ.स. 220 च्या सुमाराचं थडग्यावरचं शिल्प ट्रिअरच्या संग्रहालयात आहे: पिंपांनी लादलेलं जहाज आणि वल्ही मारणारी माणसं. पीस्पोर्टला 1985 मध्ये चौथ्या शतकातला द्राक्षरस काढण्याचा मोठा कारखानाच उकरून निघाला. सम्राटपुत्राचा शिक्षक असलेल्या ऑसोनियसने इ.स. 371 च्या आसपास या नदीवर लॅटिनमध्ये दीर्घ काव्य लिहिलं, त्यात पाण्यात उतरलेलं द्राक्षवेलींचं प्रतिबिंब आहे. बोटीतला प्रवासी आज फोनवर टिपतो ते दृश्य तेच.

रोमन गेले आणि जागा चर्चने घेतली. ट्रिअरचा आर्चबिशप हा जर्मन सम्राटाची निवड करणाऱ्या सात मतदारांपैकी एक, म्हणजे धर्मगुरूही आणि राजाही. उत्तम उतार मठांच्या ताब्यात गेले. शहराजवळ रुव्हर या छोट्या उपनदीवर ग्रुनहाउसची टेकडी आहे. ती 966 मध्ये सम्राट पहिल्या ऑटोने सेंट मॅक्सिमिन मठाला दिल्याची नोंद आहे. या टेकडीचे भाग आजही जुन्या नावांनीच ओळखले जातात: एक मठाधिपतीचा, एक मठातल्या थोर संन्याशांचा, एक सेवा करणाऱ्या बंधूंचा. कुणाच्या पेल्यात कुठली वाइन, ते डोंगरावरच कोरून ठेवल्यासारखं. उतरंड इतकी उघड लिहिलेली क्वचितच सापडते.

मोझेल म्हणजे रिसलिंग, हे समीकरण त्या मानाने बरंच नवं. शेवटचा मतदार-आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस याने 1787 मध्ये फर्मान काढलं की हलक्या जातीच्या वेली सात वर्षांत उपटून चांगल्या लावाव्यात. हेतू चांगला होता. पण नवी वेल धरेपर्यंत काही वर्षं हाती पीक नाही, आणि रिसलिंग उशिरा पिकणारी; थंड वर्षी आंबटढाण राहणारी. ही जोखीम फर्मान काढणाऱ्याने नव्हे, लावणाऱ्याने घेतली. ती फळली याचं श्रेय खोऱ्यातल्या काळ्या पाटीच्या दगडालाही द्यायला हवं. दिवसा तो तापतो आणि ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवतो. नदीही इतकी वळते की ट्रिअर ते कोब्लेंझ हे सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरचं अंतर पाण्यातून जवळजवळ दुप्पट होतं. प्रत्येक वळणावर एखादा उतार दक्षिणेकडे तोंड करतो आणि उन्हात राहतो.

1794 मध्ये फ्रेंच फौजा आल्या. मठ बरखास्त झाले, त्यांच्या बागा लिलावात निघाल्या. पैसेवाल्या शहरी मंडळींनी चांगले उतार घेतले. पोर्टा निग्रा अकराव्या शतकापासून चर्च म्हणून वापरात होतं. 1804 मध्ये नेपोलियनने ते चर्च पाडून मूळ रोमन दरवाजा मोकळा करण्याचा हुकूम दिला. पर्यटक ज्याचे फोटो काढतात ती रोमन वास्तू या अर्थाने एका फ्रेंच आदेशाची देणगी आहे.

1815 मध्ये हा प्रदेश बर्लिनहून राज्य करणाऱ्या प्रशियाकडे गेला, आणि इथून गोष्ट मार्क्सपर्यंत पोचते. प्रशियाने 1818 मध्ये जकातीची भिंत उभारली. राज्यात वाइन पिकवणारे प्रदेश थोडे, त्यामुळे मोझेलला मोठी बाजारपेठ आयती मिळाली. भाव चढले, लोकांनी कर्ज काढून नवे मळे लावले. मग तीच भिंत खाली आली: 1828 मध्ये हेस्से या दुसऱ्या जर्मन राज्याशी करार झाला, आणि 1834 च्या जर्मन राज्यांच्या जकात संघामुळे दक्षिण जर्मनीची स्वस्त वाइन आत आली. भाव कोसळले. सारा मात्र चढ्या काळातल्या उत्पन्नाच्या हिशोबाने बसलेला. कर्जबाजारी कुटुंबांनी जमिनी विकल्या. खोऱ्यातून आणि शेजारच्या हुन्सर्युक पठारावरून लोक अमेरिकेला आणि ब्राझीलला निघून गेले.

मार्क्स 1818 मध्ये ट्रिअरला जन्मला, म्हणजे ही तेजी-मंदी बघतच वाढला. त्याच्या वकील वडिलांचीही मेर्टेसडोर्फला, ग्रुनहाउसच्याच गावात, थोडी द्राक्षबाग होती. पंचविशीच्या आत तो कोलोनच्या ऱ्हाइनिशं त्साइटुंग या वृत्तपत्राचा संपादक झाला. पत्रात मोझेलच्या हलाखीवर मजकूर आला तेव्हा प्रांताच्या मुख्य अधिकाऱ्याने पुरावे मागितले. जानेवारी 1843 मध्ये मार्क्सने उत्तर छापलं. ते वाचताना आपल्याकडच्या कुठल्याही दुष्काळी पाहणीची आठवण यावी. ट्रिअरच्या द्राक्षशेती संघटनेने हलाखीचं निवेदन दिलं, तर सरकारने ते मत द्यायला जमीनमोजणी खात्याच्या अधिकाऱ्याकडे पाठवलं, आणि ज्या खात्याने सारा बसवला त्याच खात्याच्या माणसाने तक्रार फुगवलेली आहे असा शेरा मारला. मार्क्सचं म्हणणं, अधिकारी वाईट आहेत असं नव्हतं. आपल्याच खात्याच्या कामाचा निवाडा खातं करू शकत नाही, म्हणून मोकळं वृत्तपत्र हवं, असं होतं. मार्चअखेर पत्र बंद झालं. पुढे 1859 मध्ये एका प्रस्तावनेत त्याने लिहून ठेवलं की जंगलातल्या लाकूडचोरीचा कायदा आणि मोझेलचे शेतकरी या विषयांमुळे आपण पहिल्यांदा आर्थिक प्रश्नांकडे वळलो. चीनने 2018 मध्ये भेट दिलेला मार्क्सचा साडेपाच मीटर उंच पुतळा ट्रिअरमध्ये उभा आहे. त्याच्यासोबत फोटो काढणाऱ्या किती जणांना या द्राक्षबागा ठाऊक असतात कुणास ठाऊक.

ट्रिअरच्याच लुडविग गॉलने एक उपाय सुचवला: खराब वर्षाच्या आंबट रसात आंबण्यापूर्वी साखरेचं पाणी घालायचं. गरीब बागाईतदार त्यावर तगले. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली. सुमारे 1900 पर्यंत चित्र पालटलं आणि मोझेलच्या उत्तम रिसलिंगला नामांकित फ्रेंच वाइनच्या तोडीचा भाव येऊ लागला. साखरेचं भूत मात्र पुन्हा परतलं. 1971 च्या वाइन कायद्याने प्रसिद्ध गावांची नावं मोठ्या, सपाट, सामान्य क्षेत्रांनाही वापरू दिली, आणि स्वस्त गोडसर बाटल्यांनी दुकानं भरली. पीस्पोर्टचं नाव लावलेली कित्येक वाइन पीस्पोर्टच्या उभ्या कड्याच्या जवळपासचीही नव्हती. इथल्या खऱ्या कारागीर उत्पादकांचं याने जितकं नुकसान केलं तितकं कुठल्या रोगाने केलं नसेल, असं माझं मत.

नदीही आता ऑसोनियसची राहिलेली नाही. 1956 मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्गने करार करून ती मालवाहू जहाजांसाठी बांधून काढली. 1964 मध्ये वाहतूक सुरू झाली. ट्रिअर ते कोब्लेंझ दहा बंधारे आहेत, म्हणूनच पाणी इतकं संथ, आरशासारखं दिसतं. 2019 मध्ये उर्त्सिग आणि त्सेल्टिंगेन यांच्यामध्ये सुमारे 160 मीटर उंचीचा महामार्गाचा पूल खुला झाला. बागाईतदारांनी आणि वाइनच्या जाणकारांनी बरीच वर्षं विरोध केला होता.

सध्या खोऱ्यात साधारण साडेआठ हजार हेक्टरवर द्राक्षं आहेत. पूर्वी हे क्षेत्र बारा हजारांच्या वर होतं. सुटतात ते आधी सर्वांत खडे उतार, कारण तिथे यंत्र चढत नाही आणि छाटणीपासून तोडणीपर्यंत सगळं हाताने करावं लागतं. तोडणीला बहुतेक पोलंड-रुमानियाहून आलेले मजूर असतात. जाणाऱ्याने शक्यतो गावातल्या एखाद्या श्ट्राउसविर्टशाफ्टमध्ये, म्हणजे बागाईतदाराच्या अंगणातल्या हंगामी वाइनघरात, बसावं. दारावर फांदी टांगलेली दिसली की ते उघडं आहे असं समजायचं. कायद्याने वर्षाला चारच महिने आणि चाळीसच खुर्च्यांची परवानगी असते, पण वाइन स्वतःची असते आणि मधे कुणी व्यापारी नसतो. ट्रिअरमध्ये मात्र शेजारच्या टेबलावरचा स्थानिक म्हातारा पांढऱ्या चिनी मातीच्या मगातून काही पीत असेल तर ती वाइन नव्हे. ते फीत्स, सफरचंदाचं आंबवलेलं पेय.